भिंतीवरचा माणूस

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. गडावर जाणाऱ्या गाड्या इथे फारशा थांबत नाहीत. चहाला थांबल्या तर थांबल्या. पण या गावाचं एक नाव भारताच्या नोटांवर छापलेलं होतं, हे गाडीतल्या किती जणांना ठाऊक असेल? चिंतामणराव देशमुख म्हणजे सी. डी. देशमुख. १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म नात्यात झाला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटेवर पहिल्यांदा एका भारतीय गव्हर्नराची सही आली. ती सही आमच्या गावच्या माणसाची! वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवर्षी थोडा चढायचा, हे माझे जुने विद्यार्थी अजून सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी आज पुन्हा इतिहासाच्या तासाला बसले. तसं नाही. आज लिहायचंय ते भिंतींवरच्या चित्रांबद्दल, आणि त्यातही गाणाऱ्या माणसांच्या चित्रांबद्दल. देशमुखांचं नाव आलं ते एका नोटेमुळे. ते कसं, ते पुढे येईलच.

मुलगी लंडनला असते हे या ब्लॉगच्या वाचकांना माहीत आहे. तिच्याकडे गेलो असताना नातू एक दिवस म्हणाला, "आजोबा, चला तुम्हाला एक भिंत दाखवतो." मी म्हटलं, अरे, एवढा समुद्र ओलांडून आलो तो काय भिंत बघायला? पण गेलो. ब्रिक्स्टन नावाचा भाग आहे, दक्षिण लंडनमध्ये. १९४८ नंतर वेस्ट इंडीजमधून आलेली मंडळी इथे मोठ्या संख्येने राहिली. बाजारात केळी, भेंडी, सुरणासारखे कंद... मला तर आमच्या महाडच्या बाजारातच आल्यासारखं वाटलं. भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोर एका मोठ्या दुकानाची बाजूची भिंत आहे, आणि त्या भिंतीवर एक चेहरा. लाल केस, कपाळापासून गालापर्यंत उतरलेली लालनिळी वीज, आणि भोवती रंगाचे गोल गोल ठिपके.

हा डेव्हिड बोवी. इंग्लंडचा पॉप गायक. खरं नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. ८ जानेवारी १९४७ रोजी तो याच ब्रिक्स्टनमध्ये जन्मला. चेहऱ्यावरची वीज ही त्याच्या १९७३ सालच्या एका रेकॉर्डच्या वेष्टनावरची. जेम्स कॉक्रन नावाच्या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने (तो स्वतःला जिमी सी म्हणवतो) २०१३ च्या जूनमध्ये हे चित्र स्प्रेच्या रंगांनी काढलं. बोवी तेव्हा हयात होता. अडीच वर्षं हे चित्र एक चांगलं चित्र म्हणूनच तिथे होतं. लोक येत, जात, कोणी फोटो काढत.

मग १० जानेवारी २०१६ ला बोवी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने गेला. दोनच दिवसांपूर्वी त्याचा ६९ वा वाढदिवस झाला होता आणि त्याच दिवशी त्याची शेवटची रेकॉर्ड बाहेर आली होती. आजाराची बातमी त्याने जगाला लागू दिली नव्हती. सार्वजनिक अंत्ययात्रा वगैरे काही झालीच नाही. आता जगभरच्या चाहत्यांनी जायचं कुठे? ब्रिक्स्टनची मंडळी या भिंतीपाशी आली. फुलं आली, मेणबत्त्या आल्या, चिठ्ठ्या आल्या. लोकांनी भिंतीवरच पेनने निरोप लिहिले. संध्याकाळी जवळच्या रिट्झी चित्रपटगृहासमोर शेकडो माणसं जमली आणि रात्री उशिरापर्यंत त्याची गाणी म्हणत राहिली. चित्रपटगृहाच्या पाटीवर सिनेमाच्या नावाऐवजी अक्षरं लावली होती, त्यांचा अर्थ असा की, डेव्हिड बोवी, आपला ब्रिक्स्टनचा पोरगा.

"आपला पोरगा" हे शब्द ऐकले आणि मी नातवाला विचारलं, हा इथे राहिला किती वर्षं? तो म्हणाला, सहा. १९५३ साली त्याचे आईवडील ब्रॉम्लीकडे राहायला गेले. म्हणजे पहिली सहा वर्षं काय ती ब्रिक्स्टनची. पुढे न्यूयॉर्क, बर्लिन, स्वित्झर्लंड, कुठे कुठे. आणि तरी "आपला पोरगा"!

मला हसू आलं, पण लगेच वाटलं की आपण कोकणातल्या माणसांनी तरी याला हसू नये. आपलं सगळं आयुष्य याच हिशेबावर चाललंय. परळला, लालबागला चाळीस वर्षं काढलेला गिरणीकामगार "गाव कुठलं" म्हटल्यावर परळ सांगत नाही, पोलादपूर सांगतो. त्याचा मुलगा, ज्याचा जन्मच केईएममधला, तोही पोलादपूरच सांगतो. जिथे नाळ पुरली ते गाव, किंवा जिथे आपल्या बापाची नाळ पुरली ते. आम्ही नात्याची मंडळी तरी चिंतामणरावांवर हक्क कशाच्या जोरावर सांगतो? त्यांचं शिक्षण, नोकरी, मंत्रिपद सगळं बाहेरच. गाव म्हणजे मुक्कामाचे दिवस मोजायचा हजेरीपट नव्हे. गावाने कुणाला आपला म्हटलं, की तो गावाचा.

आणि आता त्या नोटेची गोष्ट. ब्रिक्स्टनच्या लोकांनी २००९ साली स्वतःचं एक स्थानिक चलन काढलं होतं, ब्रिक्स्टन पाउंड. सरकारी नव्हे; त्या भागातल्या दुकानांतच चालायचं, जेणेकरून पैसा गावातल्या गावात फिरावा. २०११ साली त्यांनी नव्या नोटा छापल्या आणि दहाच्या नोटेवर चित्र छापलं ते बोवीचं. राजा नाही, राणी नाही, गाणारा माणूस. नातवाने फोनवर ती नोट दाखवली तेव्हा मी बराच वेळ बघत राहिलो. ज्या गावचा माणूस नोटेवर सही करत होता त्या गावच्या म्हाताऱ्याला, नोटेवर गवयाचा चेहरा बघून काय वाटलं असेल सांगा! चिंतामणरावांना स्वतःला ते आवडलं असतं असं मला वाटतं. ते काही रुक्ष आकडेबहाद्दर नव्हते. संस्कृतात कविता करत, आणि कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं होतं.

परत आल्यावर मी आपल्याकडच्या भिंती बघू लागलो. आता रिकामपणही भरपूर. आपल्या भिंती रिकाम्या नाहीतच. या तालुक्यात शिवराय आहेत, ते असणारच, रायगड उशाला आहे. बाबासाहेब आहेत. १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर जे घडलं त्यानंतर इथल्या वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांचं चित्र असणं हे श्वासाइतकं साहजिक आहे. शाळांच्या भिंतींवर पाढे, बाराखडी, अवयवांची नावं, झाडे लावा झाडे जगवा. पण गाणारा माणूस? तो भिंतीवर सापडेना.

मुंबईत पाहिलं तर सिनेमावाले आहेत. रणजित दहिया नावाच्या चित्रकाराने २०१२ पासून वांद्र्याच्या भिंतींवर जुन्या हिंदी सिनेमाची माणसं रंगवायला घेतली. आधी चॅपल रोडवर अनारकली, मग राजेश खन्ना, अमिताभ. २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आले, इमारतीएवढे. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा माणूस मुंबईच्या टेलिफोनच्या इमारतीवर! बरं वाटतं बघून. पण ते पडद्याचं कौतुक झालं, आणि मुंबईचं झालं.

मग आपल्या गाणाऱ्यांचं काय? आपल्याकडे पॉप नव्हतं असं म्हणू नका. पॉप म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं. घाट चढून पलीकडे उतरलं की वाईजवळ पसरणी आहे. तिथला कृष्णराव साबळे नावाचा मुलगा, १९२३ चा जन्म, पुढे शाहीर साबळे झाला. त्यांच्या आवाजात घरोघर पोचलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर, साबळे ही सगळी माणसं डफ घेऊन उभी होती. आणि त्याच मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये चिंतामणरावांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. एकाने राजीनामा दिला, बाकीच्यांनी गळा दिला. मला तर दोन्हींची किंमत सारखीच वाटते.

पण ही झाली मोठी नावं. त्यांच्या नावाचे रस्ते असतात, पुरस्कार असतात, सिनेमेही निघतात. मी हे सगळं लिहितोय ते एका नाव नसलेल्या माणसासाठी.

आमच्या भागातल्या एका वाडीवर एक शाहीर होता. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. जाखडीचा शाहीर. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो : जाखडी म्हणजे ज्याला बाल्या नाच म्हणतात तो. मधे ढोलकी, झांज आणि गाणारे, भोवती घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचा फेर. गणपतीत तर रात्र रात्र. त्यात शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर देता आलं नाही तर भर मांडवात मान खाली. आमचा शाहीर शिकलेला चौथी, पण पुराणातला असा काही दाखला काढायचा की मी बी.ए. झालेला मास्तर घरी येऊन पोथी उघडून बघायचो. मुंबईत चाकरमान्यांच्या मंडळांनी त्याला बोलावलं, परळच्या दामोदर नाट्यगृहात त्याचा सामना झाला. एक कॅसेटही निघाली होती. बाकी वर्षभर भातशेती आणि मोलमजुरी. काही वर्षांपूर्वी तो गेला.

त्या कॅसेटची आमच्या माहितीतली शेवटची प्रत महाडला त्याच्या पुतण्याच्या घरी होती. २०२१ च्या २२ जुलैला महाडात पूर आला, त्यात ती गेली. त्या दिवसांत तळियेला डोंगर कोसळून माणसंच्या माणसं गाडली गेली होती, तेव्हा कॅसेटीचं दुःख कोण करणार? कुणी केलंही नाही, आणि ते बरोबरच होतं. पण आता चिखल धुतला गेल्यावर कळतं, की एक आवाजही त्यात गेला.

तर माझ्या डोक्यात ब्रिक्स्टनची भिंत होती. वाडीतल्या पोरांना मी ती गोष्ट सांगितली, फोनवर फोटो दाखवले. पोरं पेटली. म्हणाली, गुरुजी, आपण पण काढू, समाजमंदिराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर. एकजण म्हणाला, रंगवायला कशाला, फ्लेक्स लावू, एका दिवसात काम. मी म्हटलं, बाबा, फ्लेक्स वाढदिवसाला ठीक आहे. पूर्वी महाडात पाट्या रंगवणारे पेंटर होते, अक्षराला वळण देताना श्वास रोखून धरायचे, आणि खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश वाळले. फ्लेक्सवरचा माणूस पुढच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसापर्यंतच टिकतो.

रंगवलेलं टिकतंच असंही नाही, म्हणा. मँचेस्टरला जॉय डिव्हिजन नावाच्या बँडच्या इयन कर्टिस या गायकाचं मोठं चित्र एका भिंतीवर होतं. हा गायक १९८० साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, स्वतःच्या हाताने गेला होता. मनाच्या आजाराबद्दल लोकांनी बोलावं म्हणून ते चित्र काढलेलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच्यावर एका नव्या रॅप गायकाच्या अल्बमची जाहिरात रंगवली गेली. गंमत अशी की तो नवा गायकही मँचेस्टरचाच! लोक भडकले तेव्हा त्याने आपल्याला हे माहीतच नव्हतं म्हणून सांगितलं आणि दुरुस्तीची तयारी दाखवली. मूळ चित्रकाराने पुढे दुसऱ्या भिंतीवर ते चित्र नव्याने काढलं. म्हणजे भिंतीवरच्या भांडणात विलायतही आपल्याच वाडीसारखी.

असो. पोरांनी वर्गणीचा हिशेब मांडला, एकाने शाहिराचा एकुलता एक फोटो मोठा करून आणला, आणि आम्ही त्याच्या बायकोकडे परवानगी मागायला गेलो. वहिनी आता थकल्यात. पडवीत बसून शेंगा सोलत होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, आपल्याकडं चार म्हयने पाऊस. ह्यांना भायेर भिजत ठेवणार काय?"

आम्ही गप्प.

मग म्हणाल्या, "दोन वर्सात रंग उडंल. तोंडावर शेवाळ येईल. आज तुमी आहात, उद्या कोण पुसंल? लोक थुकत्यात पण भिंतीवर. मी रोज त्या वाटेनं पाण्याला जाते."

खरं सांगतो, इतक्या पुस्तकांतून स्मारकांबद्दल वाचलं, पण इतका नेमका आक्षेप वाचला नव्हता. ज्यांचं कौतुक करायचं त्यांच्या घरच्यांना ते रोज बघावं लागतं, हा विचार चाहता करत नाही. ब्रिक्स्टनच्या चित्रावर नंतर पारदर्शक आवरण बसवलं गेलं, महापालिकेने ते जपायचं ठरवलं. मिनियापोलिसला प्रिन्स या गायकाचं जवळजवळ शंभर फुटी चित्र २०२२ साली वाहनतळाच्या भिंतीवर आलं, त्यासाठीही मोठा व्याप करावा लागला असणार. आमच्या वाडीला कोण आवरण बसवणार? आणि आमचा पाऊस म्हणजे लंडनची भुरभुर नव्हे. तो गिलावा सोलून काढतो.

पोरं हिरमुसली. मी उठणार तेवढ्यात वहिनी आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोऱ्याने बांधलेली. शाहिराने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली गाणी. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, ऱ्हस्वदीर्घ जिथे सुचेल तिथे, पण चाल कुठे वळते त्या जागी समासात बारीक खुणा. काही गाण्यांपुढे तारीख आणि सामना कुणाशी झाला ते. वहिनी म्हणाल्या, "तोंड कशाला रंगवताय? हे म्हणा की कुणीतरी."

घरी येताना माझ्या मनात ती ब्रिक्स्टनची रात्र परत उभी राहिली, पण वेगळ्या अर्थाने. मी इतके दिवस भिंतीकडे बघत होतो. त्या रात्री महत्त्वाचं काय होतं? लोक येऊन गायले. गाणी सगळ्यांना पाठ होती म्हणून गायले. ती पाठ नसती तर भिंतीसमोर उभं राहून करायचं काय? फुलं ठेवायची आणि बस पकडायची. चित्र ही उभं राहायची जागा आहे, एवढंच. उभं राहून म्हणायला काहीतरी ओठांवर असावं लागतं.

मग उलटही विचार आला. जागा नसेल तर लोक जमतील कुठे? बोवीची गाणी जगभर घराघरांत होतीच. तरीही त्या दिवशी माणसांना एका भिंतीपाशी यावंसं वाटलं. देवाला मूर्ती लागत नाही हे खरं, पण आपण गणपती आणतोच ना. म्हणून मी भिंतीचा विचार अगदी सोडूनही दिलेला नाही.

सध्या ठरलंय ते असं. वहीतली गाणी पोरं फोनवर टाइप करताहेत, मी शुद्धलेखन दुरुस्त करत नाही, कठीण शब्दांचे अर्थ तेवढे सांगतो. (मास्तराला शुद्धलेखन न दुरुस्त करणं किती जड जातं ते मास्तरच जाणे!) शाहिराबरोबर ढोलकी वाजवणारे एक बाबा अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांना चाली आठवतात त्या रेकॉर्ड करायच्या. पाच चाली झाल्या, सहाव्या गाण्याला त्यांचा दम लागला. घाई आहे, पण घाई करता येत नाही. आणि भिंत : समाजमंदिराच्या आतल्या ओसरीची. तिथे पाऊस पोचत नाही. तिच्यावर चेहरा काढायचा नाही. एक ढोलकी, घुंगरांचे पाय फेरात, आणि वहीतलं एक कडवं, त्याच्याच अक्षरात, त्याच्याच ऱ्हस्वदीर्घासकट. वहिनींना विचारलं. "बघू," म्हणाल्या. आमच्याकडे "बघू" म्हणजे नकार नसतो, होकारही नसतो. आम्ही थांबलोय.

गणपतीत मुंबईची मंडळी येतील तेव्हा फेरात निदान त्याची दोन गाणी व्हावीत, एवढा माझा आग्रह आहे. भिंत रंगली नाही तरी चालेल. गाणी झाली नाहीत तर मात्र रंगवलेल्या भिंतीचा उपयोग नाही.

तुमच्या गावच्या भिंतींवर कोण आहे? आणि त्यापेक्षा, तुमच्या गावच्या कुठल्या घरात कुठली वही पिशवीत बांधून ठेवलेली आहे? बघा एकदा. यंदाच्या पावसाच्या आत बघा.